दोन हजार पाचशे एकवीस

हाजराभाबीचा नवरा लियाकत हिशेबाचा वेडा. भद्रकालीच्या देवळामागे आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळे त्याचं वेड मला फुकट ऐकावं लागे. लुगड्याच्या ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, तो दोन हजार पाचशे वीसच धागे घ्यायचा. हा आकडा दोनपासून दहापर्यंत कशानेही भागा, काही उरत नाही. रंगाचे पट्टे कितीही घ्या, सारखे बसतात. मला गणिताचा कंटाळा. भाबी मात्र दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकायची. खरं सांगायचं तर मला त्या दोघांचा हेवा वाटे.

एकतीस साली गिरणीच्या कापडापुढे हातमागाचं काही चालेना, तेव्हा लियाकत भिवंडीला कामाला निघाला. जाण्याआधी त्याने घाईघाईत ताणा लावला आणि या हिशेबी माणसाकडून एक धागा जास्त पडला. भाबीने हसत दाखवून दिलं. त्याने दोनने भागलं, तीनने भागलं, दहाच्याही पुढे गेला. दर वेळी काही ना काही उरतंच. एक आणि स्वतःशिवाय या आकड्याला कोणी पुरं भागतच नव्हतं.

"भलता हट्टी आकडा," तो म्हणाला. "राहू दे. परत येईन तेव्हा मीच तोडीन तो धागा."

आता मागाची रीत अशी, की ताणा संपला तरी त्याची टोकं मागावरच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठतात. भाबी नवा ताणाही एक धागा जास्त धरूनच करायची. सूत देणारा व्यापारी कुरकुरला, मी डोकं खाल्लं, ती ढिम्म. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला की तिचा हात थांबायचा. टांगा पुढे गेला की माग पुन्हा सुरू. मला तिच्याकडे बघवत नसे.

अशी काही वर्षं गेली आणि लियाकतचा मावसभाऊ जमील भिवंडीहून आला. लियाकतने तिकडे दुसरा निकाह केला होता. भाबीनेही यावं, दोघींना सारखं वागवीन, असा त्याचा निरोप होता. मला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर ट्रंक भरायला घेईल. ती उठून मागापाशी गेली.

"त्यांना सांग, माझ्या मागावर अजून दोन हजार पाचशे एकवीस धागे हायेत," ती म्हणाली. "त्याचे दोन सारखे वाटे होत नाय. ते त्यांनीच करून बघितलंय."

जमील चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी नवा ताणा जोडायचा होता. धागे धरून द्यायला मी बसले. गाठी मारता मारता शेवटी तो जास्तीचा धागा एकटाच राहिला. मला राग आवरेना. कात्री पुढे करून मी तिला म्हणाले, आता तरी तोड.

भाबीने कात्री माझ्याच मांडीवर ठेवली आणि गाठ मारली.

"तोडायला ते येणार हायेत ना," ती म्हणाली.