सांबराचे दात

साल एकोणीसशे एकतीस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. शाळा दोन यत्ता, पण अक्कल गावात मलाच, अशी माझी खात्री.

काशीदच्या वर, संस्थानच्या शिकारीच्या रानाला लागून आमचा माळ. त्यातली निम्मी ऐनाची झाडं माझी, निम्मी चुलतभावाची. दरसाल त्यांच्या पाल्याच्या फांद्या, म्हणजे कवळ, तोडायचा आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर पसरून जाळायचा. तोच आमचा राब.

त्या साली बघतो तर माझ्या ऐनांचा खालचा पाला साफ! सगळ्या झाडांना एकाच उंचीवर, दोरी धरून कापल्यासारखा. तेवढा उंच हात गावात एकाचाच, माझ्या चुलतभावाचा.

विहिरीवर चारचौघांत मी बोललो, "दादा, माझा कवळ तुझ्या राबात गेला."

"शहाण्या, फांदी बघितलीस? कोयत्यानं तोडलीय का दातानं?"

"मग तुझेच दात असतील!"

लोक हसले. दादा हसला नाही. त्याचा एक बैल नि माझा एक, अशी आमची जोडी. "यंदा माझा बैल तुझ्या शेतात येणार न्हाय," एवढंच म्हणाला. एका बैलावर नांगर चालत नाही. म्हणजे वर्षभर चुलीवर भात नाही. तरी मी हटलो नाही. चोर पकडायला त्याच दिवशी, उन्हं उतरताना, करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो.

आलं ते सांबर. खालचा पाला संपलेला, तर ते मागच्या दोन पायांवर सरळ उभं राहिलं. माणसासारखं! मान ताणून फांदी ओढली. मग खाली उतरून त्यानं गुडघाभर ऐनांचे कोवळे शेंडे कुरतडले आणि गेलं.

ती गुडघाभर झाडं मी कालपरवा उगवलेली समजत होतो. एक उपटायला गेलो, हलेना. कोयत्यानं माती उकरली, तर मूळ माझ्या मांडीएवढं! बाप म्हणायचा, त्याच्या लग्नातही ती एवढीच होती. खरं वाटलं नव्हतं. दरसाल शेंडा खाल्ला जाई, झाड वर येणार कसं? ज्याला पोर समजलो ते माझ्याहून थोरलं निघालं. आणि दादाला मी काय बोललो होतो!

माफी मी जन्मात कुणाची मागितली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच माझा बैल नेऊन दादाच्या गोठ्यात, त्याच्या बैलाशेजारी बांधला.

"दात कुणाचे होते रे?" दादानं दारातून विचारलं.

मी कोयता उचलला. माळावर गेलो आणि त्याच्या वाटणीच्या ऐनावर चढून त्याच्या राबासाठी कवळ तोडायला लागलो.