बाकड्याचं रिकामं टोक

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मौन प्रार्थनेत, सगळे डोळे मिटून गप्प बसलेले असताना, मी एकदा उभी राहून गणपतीची आरती म्हटली. टाळ्यांसकट! तेव्हा मी साठीतली तरुण होते, अक्कल अजून यायची होती.

याला कारण होती पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावच्या जुन्या प्रार्थनाघराची देखभाल करणारी म्हातारी. काही विचारलं की ती इतका वेळ गप्प राहायची, की आपणच उत्तर देऊन मोकळं व्हावं. एकाच विषयावर भरभरून बोलायची. तिचे क्वेकर पूर्वज धर्मापायी इंग्लंडात तुरुंगात गेले, म्हणून इथे वसाहत केल्यावर त्यांनी जर्मन, स्वीडिश, ज्यू, कुणालाच देवावरून अडवलं नाही म्हणे.

माझी नात दर रविवारी तिच्याशेजारी तासभर निमूट बसायची. माझ्याकडे शुभंकरोतीला दोन मिनिटं बसत नसे! माझा नुसता जळफळाट. म्हटलं, प्रार्थना कशी असते ते दाखवतेच हिला.

गेले. दाराजवळच्या बाकड्याचं टोक तेवढं स्वच्छ पुसून रिकामं ठेवलेलं होतं, तिथे बसले. बराच वेळ कुणी काही म्हणेना, तेव्हा लावला मी वरचा सूर.

कुणी हसलं नाही, कुणी थांबवलं नाही. शेवटी सगळ्यांनी रीतीप्रमाणे शेजाऱ्याचा हात हातात घेतला. म्हातारी उठून माझ्याकडे आली, माझा हात धरून नेहमीपेक्षाही जास्त वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सहा महिने ही जागा तुमच्यासाठीच पुसतेय. तुमची नात म्हणायची, आजी येईल नक्की, पण भांडायला येईल."