अण्णा काय शोधतायत

मला मुळातच धीर नाही. चहाला उकळी यायच्या आत गाळणारी मी. त्यात अण्णांची, माझ्या वडिलांची, वाचा लकव्यात गेली आणि त्यांना काय हवंय हे ओळखायचं काम माझ्याकडे आलं.

पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी ढोकीतल्या आमच्या घरातूनच काम करते. फोनमधले फोटो, व्हिडिओ, आवाज शोधून देणारं ॲप आम्ही बनवतो. माणूस कशावर थांबतो, काय पुन्हा उघडतो हे ते लक्षात ठेवतं आणि हळूहळू त्याच्या मनासारखं पुढे आणत जातं. ‘मनासारखं’ हा शब्द आम्ही फार सहज वापरायचो.

अण्णा रोज फोनमध्ये काहीतरी शोधायचे आणि चिडून तो गादीवर टाकायचे. लिहिता येत नाही, बोलता येत नाही. मग मी त्यांच्यापुरतं ते ॲप बदललं. अक्षर एकही नाही, नुसती मोठी चित्रं. एकाला हात लावला की तसलीच आणखी समोर. उजवा हात गेलेला, त्यामुळे डाव्याचं बोट चालवायचे.

थोड्याच दिवसांत फोन धाकट्या चुलत्याच्या वास्तुशांतीनं भरून गेला. बांधावरून ज्याच्याशी अण्णांची बोलचाल बंद, तोच फेटा बांधून जिकडेतिकडे. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या घटकेपुरतं तरी वाचा नाही तेच बरं, असं वाटून गेलं. डावं बोट सरकायला वेळ लागायचा आणि ॲपला वाटायचं, अण्णा रमलेत. मी ते थांबण्याचं मोजमापच काढून टाकलं. मग ताईची पोरं आली, बैल आले, उसाचे ट्रॅक्टर, नवरात्रातलं तुळजापूर. अण्णा प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणायचे आणि स्वतःच्या छातीवर बोट ठोकायचे. पुन्हा पुन्हा.

आई घाबरली. छातीत दुखत असणार म्हणाली. जीप करून धाराशिवला नेलं, ईसीजी काढला. काही नाही, हृदय ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी त्यांच्यासमोरही छातीवर बोट ठोकलं, डोळ्यांत पाणी आणून. परतताना मला जीपमध्ये बसवत नव्हतं. सारखी चुळबुळ, स्वतःचाच राग. येडशी मागे पडली आणि एकदम सुचलं. छातीवर बोट ठेवून माणूस दुसरं काय सांगतो? ‘मी’ सांगतो. आणि आमच्या ॲपमध्ये नेमका तोच नव्हता. फोन ज्याचा असेल त्याचा चेहरा आम्ही वगळायचो. स्वतःला कोण शोधतं, असं बैठकीत ठरलं होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या चप्पल न काढताच मी ती अट काढली. अण्णांना अण्णा दिसायला लागले. एकेक फोटो मागे सारत ते एका व्हिडिओपाशी थांबले. गेल्या उन्हाळ्यात, लकव्याच्या आधी, अण्णांना हा फोन नवा घेतला तेव्हा मी तो व्हिडिओ सहज काढला होता. त्यात अण्णा ओट्यावर बसून हसतायत आणि आत बघून हाक मारतायत.

“अगं ए, इकडं ये की जरा. ही पोरगी बघ काय करायलीय.”

आवाज मोठा होता. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “आले, आले,” आणि पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. दारातच थांबली. आधी अण्णांकडे बघितलं, मग फोनकडे.

लकव्यापासून तिला बोलवायचं झालं की अण्णा स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर वाजवायचे. वाजवताना खाली बघायचे. मला ते रोज दिसत होतं.

मला रडू आवरेना. अण्णांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्यांनी डावं बोट उचललं आणि आईकडे बघत तोच व्हिडिओ परत लावला.

“अगं ए, इकडं ये की जरा.”

ती त्यांच्यासमोरच उभी होती. तरी म्हणाली, “आले की.”