दरीत न गेलेली देवी

ती घटना आठवली की मला आधी धुकं दिसतं. भातकापणी उरकून वावरांत वाल वर आला होता, आणि कर्जत-खोपोली पट्ट्यात सकाळी हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. त्या पांढरेपणात, रस्त्याखालच्या घळीत, एका गाडीचे दिवे अजून जळत होते. पाण्यात बुडालेला चंद्र पाहावा तसे.

खबर द्यायला गाडीमालक स्वतःच पोलीस ठाण्यात आला होता. दहिवलीचा तरुण, फार्महाउसच्या पाहुण्यांची ने-आण करणारा. वळणावर गाय आडवी आली, आपण उडी टाकली, गाडी खाली गेली, असं त्याने सांगितलं. ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली, तपास माझ्याकडे आला आणि मी पंच घेऊन निघालो. गाडीचा चेंदामेंदा झाला होता. विम्याच्या सर्व्हेअरने काठावरूनच मान हलवली. टोटल लॉस. आमचे कागद गेले की विम्याची पूर्ण रक्कम मिळणार होती आणि त्यातून पोराच्या धंद्याला दुसरी गाडी येणार होती.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. डॅशबोर्डवर धूळ होती, पण मधोमध रुपयाएवढा स्वच्छ गोल होता, त्यात डिंकाचे कण. आमच्याकडे प्रत्येक गाडीत तिथे देवी असते. आम्ही झाडी पिंजून काढली. पाण्याची बाटली सापडली, तुटलेला आरसा सापडला. देवी नव्हती.

ठाण्यात परतलो तर फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "गाडी पडली नाय साहेब, पाडलीय. इंजिन संपलंय तिचं. उतारावर आणून सोडली." इंजिन झिजलं तर विमा काही देत नाही, अपघातात गाडी गेली तर देतो. बोलणारा शिळफाट्याकडचा कुणी गॅरेजवाला असावा.

पोराला बसवून चहा दिला आणि विचारपूस केली. तो ढळला नाही. देवीचं विचारताच एवढंच म्हणाला, "पडली असंल झाडीत." पण तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

मी त्याच्या घरी गेलो. आई अंगणात गेल्या सालचे वाल निवडत होती. मुलगा वाचला म्हणून साहेब भेटायला आले, असं तिला वाटलं, आणि मी तिला तसंच वाटू दिलं. घरात समईचा उजेड होता. देव्हाऱ्यात कोपऱ्याला बोटभर उंचीची देवी, तळाशी डिंक चिकटलेला. मी हात जोडले आणि विचारलं, ही गाडीतली ना?

"हां. आदल्या सांजंला आणून ठेवली त्यानं. म्हनाला, आई, हिला घरीच ऱ्हाऊ दे." तिने डोळे पुसले. "तिला आधीच कललं व्हतं, साहेब. तिनंच वाचवला त्याला."

माझ्यासमोर पुरावा होता आणि तिच्यासमोर चमत्कार. तिने माझ्या हातावर खोबरं-साखर ठेवली. मी खाल्ली. मग तिथेच ओटीवर बसून तिचा जबाब लिहिला.

ठाण्यात येऊन पोराला एवढंच सांगितलं की देवी घरी पाहून आलो. तो टेबलाकडे बघत बोलला.

"गाडी ढकलली, साहेब. तिला कशी ढकलू?"

खोट्या खबरीचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, पोराला अटक झाली, पुढे दावाही फेटाळला गेला. अटकेच्या दुसऱ्या दिवशी आई त्याच्यासाठी डबा घेऊन आली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मी काय वंगाळ बोलले का रं बाबा?" आदल्या दिवशी मी साहेब होतो.

मी म्हणालो, नाही आई, तुम्ही खरंच बोललात.

गुन्हेगार मागे काहीतरी विसरतो, असं आम्हाला शिकवलं होतं. हा काही विसरला नव्हता. जे दरीत ढकलायला मन धजलं नाही, ते त्याने घरी नेलं, आणि मी नेमका तिथूनच त्याला धरला. तपास बरोबर होता, आजही तेच म्हणेन. पण स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर गाडी घेतली, तेव्हा शोरूमवाल्याने डॅशबोर्डवर लावायला देवी पुढे केली. मी ती घरी नेली आणि देव्हाऱ्यात ठेवली. गाडीतली जागा रिकामीच आहे. धुक्यातून जाताना कधी तिकडे नजर जाते, आणि जिभेवर खोबरं-साखर येते.