भिंगवाल्यांची सही

खोटी सही पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं मृत्युपत्रं, चेक, धमकीची पत्रं तपासली, म्हणून सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. कोर्टात ते ठासून सांगायचे, "खरी सही माणूस लिहितो, खोटी चितारतो. चितारताना हात थबकतो आणि थबकला तिथे शाई साचते."

निवृत्तीनंतर माळा आवरताना लेकीची शाळेतली प्रगतिपुस्तकं सापडली. दहावीचं उघडलं, तर गणितात नापास आणि खाली पालकांची सही. सवयच ती, त्यांनी भिंग काढलं.

"शंभर टक्के माझी सही! कुठे थबकलेली नाही. पण तू नापास झालेलीस हे मला कसं आठवत नाही?"

लेक खो खो हसली. "बाबा, ती मी केलीय."

"अशक्य! एवढी सफाई येईल कशी?"

"सरावाने. तुम्ही घरी असायचात कधी?"

भिंगवाल्यांनी गुपचूप तळाचं, तिसरीचं पुस्तक उघडलं. त्या सहीत मात्र जागोजागी शाई साचली होती.