तेलाचा काटा आणि माझ्या लग्नाच्या पत्रिका

माझ्या लग्नाच्या बऱ्याचशा पत्रिका आम्ही चालत्या जीपमधून वाटल्या.

बाबा शाळेतून निवृत्त झाले आणि लगेच त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. तिच्यात इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा काटा होता. बाबांचा रस्त्यापेक्षा त्या काट्यावरच जास्त डोळा. सकाळी जानेफळहून निघालो तेव्हा तो चांगला वर होता. मी बाबांच्या शेजारी, मागे आत्या पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली. तासाभराने एका ओळखीच्या दारात बाबांनी जीप उभी केली. इंजिन चालूच होतं. काटा हळूहळू उतरत पार शून्याला टेकला.

"तेलाचा दाब गेला!" बाबा ओरडले. त्यांनी रेस दिली, काटा वर आला. पाय काढला, पुन्हा खाली. यावरून बाबांनी ठरवून टाकलं की थांबलो तर इंजिन मरतं, पळत राहिलो तर जगतं.

"आता खामगावले मेकॅनिकपाशीच थांबाचं. मधात नाही."

"मंग पत्रिका?" आत्यानं विचारलं.

"फेक!"

अमडापुरात बाबांचा मावसभाऊ राहतो. त्या काकांच्या दारावरून आम्ही तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला आत्यानं हाका मारल्या. दुसऱ्या फेरीला काका बनियनवर बाहेर आले. तिसऱ्या फेरीला ते जीपबरोबर पळत होते आणि आत्या अर्धी बाहेर वाकून त्यांच्या हातात पत्रिका कोंबत होती.

"काऊन थांबत नाही गा?"

"दाब कमी झाला!" बाबा म्हणाले.

"कोनाचा? पोरीचा?"

मला इतकं हसू आलं की 'नमस्कार काका'सुद्धा तोंडातून फुटेना.

खामगावच्या मेकॅनिकनं शांतपणे तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल भरपूर होतं. मग त्यानं इंजिनावरचा सेन्सर काढला, तिथं स्वतःचं मीटर बसवलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. दाब थोडा कमी होता, पण होता. रेस दिली की झकास वर जात होता.

"गुरुजी, गरम पाक पातळ राह्यते ना? तसंच इंजिन तापलं का तेल पातळ होते. गाडी उभी असली का पंपही हळू फिरते. दाब उतरनारच. तुमचा सेन्सर बिघडला, म्हणून काटा पार शून्य दाखवून राह्यला."

बाबांचा चेहरा खुलला. तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, "पन दाब खरंच गेला असता तर जाग्यावर बंद कराची असते गाडी. तुम्ही तं पळवत आनली! इंजिन जाम झालं असतं."

आत्याच्या नाकातून काहीतरी फुसकन् निघालं, मी तिच्या खांद्यावर कोसळले आणि बाबा, आयुष्यभर वर्गात शांतता राखलेले बाबा, बॉनेटला धरून डोळे पुसत हसत सुटले. नवा सेन्सर बसल्यावरही ते बराच वेळ रेस देत, सोडत काट्याचा खेळ बघत बसले. मेकॅनिक केव्हाच दुसऱ्या गाडीखाली शिरला होता.

परतीच्या वाटेवर आम्ही दारोदार उतरलो, जीप बंद करून, माफी मागून. प्रत्येक घरी चहा झाला. शेवटच्या दोन कपांना मी नुसते ओठ लावले.