मिस ऑर्लीनचं करडं गवत

एकोणऐंशी वर्षांत ऑर्लीन टिडवेल कुणाचं ऐकून वागल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि मी तिच्या शेजारी सव्वीस वर्षं राहतोय. तिनं चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव चालवला. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांवर ती एकदा तरी "ताटातलं संपव!" म्हणून खेकसलेली आहे. आमचे शेरीफसुद्धा तिला पाहिलं की पोट आत घेतात. लग्न झालेल्या बाईलाही मान म्हणून 'मिस' म्हणायची इकडची रीत, तेव्हा सगळे तिला मिस ऑर्लीन म्हणतात, मीही म्हणतो.

नवरा हॉयट जाऊन नऊ वर्षं झाली. जाण्याआधी त्यानं घरापुढचं सगळं अंगण सिमेंटनं भरून टाकलं होतं, मासेमारीची बोट उभी करायला. इथून सगळ्यात जवळचं तळं साठ मैलांवर आहे, आणि ती बोट पाण्यात पडलेली कुणी पाहिली नाही. तेव्हा हिरवळ म्हणायची ती फक्त मागच्या परसात. घर कोपऱ्यावरचं, कुंपण जाळीचं, त्यामुळे ते परस अख्ख्या गल्लीला दिसतं.

मार्चच्या वादळात परसातलं पेकानचं झाड आडवं झालं. त्याच्या सावलीत सेंट ऑगस्टीन गवत साठ वर्षं मजेत लोळत होतं. सावली गेली आणि वेस्ट टेक्सासचं ऊन थेट त्याच्या टाळक्यात बसलं. एप्रिल संपेपर्यंत सगळं परस टोस्टसारखं करपलं.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. माणूस शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला की शेजारी त्याचं गवत कापून देतात. विचारत नाहीत, बोलत नाहीत, गुपचूप कापून निघून जातात. मग त्या घरी काचेच्या भांड्यांतून चीज घालून भाजलेला चिकन-भात जायला लागतो. भांडं परत यावं म्हणून त्याच्या तळाला चिकटपट्टीवर बाईचं नाव लिहिलेलं असतं. हॉयटचं गवत मी पाच आठवडे कापलं, सहाव्या आठवड्यात त्याला पोचवून आलो. कोपऱ्यावरचा पर्व्हिस एकदा आठवडाभर मासे पकडायला गेला होता. परत आला तर गवत कापलेलं. तो सामान गाडीतच ठेवून थेट रक्त तपासायला गेला.

तर परस करपल्यावर डॅलसहून ऑर्लीनचा मुलगा रॉयस आला आणि त्यानं जाळीबाहेरूनच मान हलवली. येताना ज्येष्ठांच्या निवासाचं रंगीत पत्रक घेऊन आला होता.

"आई, तुझ्यानं आता होत नाही. इथं सगळं बघतात. गवतसुद्धा प्लास्टिकचं आहे, काही करावं लागत नाही."

"मग तिथं प्लास्टिकची म्हातारी नेऊन ठेव," ऑर्लीन म्हणाली.

रॉयस वाईट माणूस नाही, फक्त काळजी करतो, आणि काळजी करणारा माणूस कसा छळतो हे सांगायला नको. तो म्हणाला, "सप्टेंबर लागला की लेबर डेच्या सुट्टीत येतो. तोवर हे परस तू एकटीनं सावरलंस तर विषय संपला. नाही तर तू माझ्याबरोबर येतेस."

दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडी काढायला लावली आणि आम्ही डबच्या बी-बियाण्यांच्या दुकानात गेलो. तिथं तिनं गवतांच्या अशा मुलाखती घेतल्या की मुलगीच द्यायची आहे.

"हरळी लाव," डब म्हणाला. "ऊन नुसतं पिते."

"आणि माझा टोमॅटोचा वाफा खाते. शिवाय दर शनिवारी तिची हजामत कोण करणार? पुढचं."

"झोयसिया बघ. मखमल आहे, मिस ऑर्लीन. फक्त जरा सावकाश भरतं. दोन-तीन वर्षं."

"मला तीन वर्षं आहेत असं रॉयसला लिहून दे, मग घेते."

"परत सेंट ऑगस्टीन?"

"त्याला हॉयटपेक्षा जास्त प्यायला लागतं."

डबनं डोकं खाजवलं. "मग राहिलं बफेलो गवत. पण ते कुरणातलं, गुरांचं. भरपूर ऊन पाहिजे. एकदा मूळ धरलं की पाणी नावापुरतं, खत नको. वर्षातून दोनदा कापलं तरी पुष्कळ. फार कोरडं पडलं तर झोपून जातं, पाऊस आला की उठतं. पण दिसायला करडं, विस्कटलेलं. लोक नावं ठेवतील."

"मीही करडीच आहे," ती म्हणाली. "बांध ते."

मे महिन्याच्या शेवटी ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि मुळासकट आलेले गवताचे ते छोटे ठोकळे हातभर अंतरावर लावू लागली. रोज सकाळी दोन तास. मी जाळीशी जाऊन "मी करू का?" म्हटलं, तर खुरपं माझ्याकडे रोखून म्हणाली, "एकटीनं, असं ठरलंय. कान गेले का तुझे, लॉनी?" पहिले काही आठवडे रोज पाणी लागतं, तर आंघोळीचं पाणी बादलीनं नेऊन घातलं. जुलैत ठोकळ्यांना फाटे फुटले, ऑगस्टमध्ये फाट्यांनी एकमेकांना गाठलं, आणि जमीन दिसेनाशी झाली.

पण डब म्हणाला तसंच झालं. ते गवत वीतभर वाढलं आणि वाऱ्याबरोबर एका अंगावर पडून राहिलं. तिला ते फार आवडायचं. मला मात्र बघवत नव्हतं. माझी हरळी दर गुरुवारी कापलेली, कडा फूटपट्टी लावल्यासारख्या. गावाची 'सुंदर अंगण' ही पाटी दोनदा माझ्या दारात लागलेली आहे. बायको वीस वर्षांपूर्वी ह्यूस्टनला निघून गेली तेव्हा म्हणाली होती की त्या पाटीशीच लग्न कर. सांगायचं कारण, माझ्या डोळ्यांना वाढलेलं गवत म्हणजे संकटच दिसतं.

रॉयस येणार त्या शनिवारी सकाळी ऑर्लीन केस सेट करायला गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते परस पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं. म्हटलं, हे बघून तो तिला आजच गाडीत घालेल. मी माझं बसून चालवायचं गवतकापं यंत्र काढलं, मागच्या बोळातून तिच्या फाटकात घातलं आणि पातं अगदी खाली केलं. निम्मं परस हरळीसारखं तासून झालं होतं, तेवढ्यात जाळीपाशी रॉयस उभा दिसला. दोन तास आधी आला होता.

त्यानं विचारलं, "काका, किती दिवस तुम्ही तिचं गवत कापताय?"

खरं बोलायची ही वेळ नव्हती, पण मी गाढव. "छे छे, आजच सुरू केलं," म्हणालो.

रॉयसनं हळूच डोक्यावरची टोपी काढली. तो याच गल्लीत वाढला होता. आज सुरू केलं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात ऑर्लीन आली. केस ताठ बसवलेले, पायात चर्चचे बूट. तिनं तासलेलं निम्मं गवत पाहिलं, पोराच्या हातातली टोपी पाहिली.

"आई, लपवू नकोस. डॉक्टर काय म्हणाले?"

ती माझ्याकडे वळली. "लॉनी, उतर."

"मिस ऑर्लीन, मी फक्त—"

"उतर म्हणते ना!"

मी उतरलो. ती चढली. अकराव्या वर्षी कापसाच्या शेतात ट्रॅक्टर चालवलेली बाई ती. तिनं यंत्र मागे घेतलं, फाटकातून काढलं, बोळातून आणलं आणि माझ्या परसात घातलं. मग माझी सगळी हरळी तिनं सरळ पट्ट्यांमध्ये कापली, भर उन्हात, एकही केस न हलता. नुकतीच गुरुवारी कापलेली होती, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही.

"आई, ऊन लागेल!" रॉयस ओरडला.

"मला ऊन मानवतं!" ती यंत्रावरून ओरडली. "तुझ्या पत्रकात नसेल लिहिलेलं!"

रॉयस आधी दात-ओठ खात उभा होता. मग त्याच्या तोंडातून हसू निसटलं. त्यानं बूट काढले, न कापलेल्या करड्या गवतात जाऊन बसला आणि हाताने ते कुरवाळत राहिला. थोड्या वेळानं ते पत्रक चार घड्या करून मागच्या खिशात घातलं आणि त्यावरच बसला. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले, आणि मी ते धुळीवर ढकललं.

मी सावलीत हात बांधून उभा होतो. पर्व्हिसची बायको नेडीन गाडीतून चालली होती. तिनं गाडी हळू केली. आधी यंत्रावरच्या ऑर्लीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात छातीवर ठेवला आणि निघून गेली. माझं गवत शेजारीण कापतेय म्हणजे गल्लीला काय वाटणार, हे मला तेव्हा उमगलं.

पाच वाजेपर्यंत माझ्या पायरीवर चिकन-भाताची तीन भांडी आली होती. पाद्रीबुवांचा फोन आला, आवाज फार मऊ. पर्व्हिस स्वतः येऊन माझा हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "रक्त तपासायला उशीर केलास रे."

शेवटी चौथं भांडं आलं. अजून गरम होतं. तळाच्या चिकटपट्टीवर 'ओ. टिडवेल', आणि झाकणावर शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरात चिठ्ठी:

"ताटातलं संपव. माझ्या गवताला परत हात लावलास तर पुढचं भांडं तुझ्या घरी नाही, सरळ चर्चमध्ये तुझ्या दफनाच्या जेवणाला पाठवीन."